वाफेचाही हिशेब आपणच मांडू
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एका तरुणाने आम्हाला प्रश्न विचारला होता. तो तालुक्याच्या गावी गॅरेजात काम करतो. घरचा दोन एकर ऊस आहे. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही दरवेळी सांगता की इथेनॉलनं धूर कमी होतो. पण उन्हात उभी केलेली मोटारसायकल आली की टाकीचं झाकण उघडताना फस्सकन वाफ येते. ती वाफ कुठल्या हिशेबात धरायची?"

आम्ही त्या दिवशी काहीबाही बोलून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर उत्तर आमच्याजवळ नव्हते. गेली पंधरा वर्षे आम्ही व्यासपीठावरून सांगत आलो की उसाचे इंधन स्वच्छ इंधन आहे. त्यातले अर्धे खरे होते, अर्धे सांगायचे राहून गेले होते. आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे. इंजिनाची विद्या आमची नव्हे. पण माल आपला आहे, तर त्याचे गुण आणि दोष दोन्ही आपल्याला ठाऊक पाहिजेत. म्हणून मधल्या काळात वाचले, विचारले, गाड्या उघडून पाहिल्या. ते आज तुमच्यापुढे मांडतो.

धूर दिसतो, वाफ दिसत नाही

गाडीचे प्रदूषण म्हटले की आपण सायलेन्सरकडे बघतो. पीयूसीवालाही नळी तिथेच घालतो. पण पेट्रोलची गाडी नुसती उभी असली तरी हवेत काही ना काही सोडत असते. सकाळी टाकी गार असते. दुपारी पत्रा तापतो, आतले पेट्रोल तापते, वाफ फुगते आणि बाहेरची वाट शोधते. रात्री टाकी गार झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे टाकी रोज एकदा श्वास घेते आणि सोडते.

दुसरी वाफ गाडी दामटून आणून बंद केल्यावरची. इंजिन तापलेले असते, वारा थांबलेला असतो, त्या धगीने इंधन उडते. तिसरी पंपावरची. टाकीत एक लिटर पेट्रोल शिरले की तेवढीच वाफेने भरलेली हवा टाकीबाहेर पडते. आणि चौथी वाट आहे पाझरण्याची. मातीच्या माठातून पाणी पाझरावे तसे रबरी नळ्यांच्या आणि प्लास्टिकच्या टाकीच्या अंगातून इंधन झिरपते. कमी प्रमाणात इथेनॉल मिसळलेले पेट्रोल नुसत्या पेट्रोलपेक्षा जास्त पाझरते, हे कॅलिफोर्नियातल्या तपासण्यांत दिसून आले आहे.

या वाफेचे पुढे काय होते? धुरातून आलेले नायट्रोजनचे ऑक्साइड, ही वाफ आणि कडक ऊन, हे तिघे एकत्र आले की जमिनीलगतच्या हवेत ओझोन तयार होतो. वर आकाशातला ओझोन आपले रक्षण करतो. खाली नाकाशी आलेला ओझोन छातीला बाधतो, आणि पिकालाही बाधतो.

पिकाने दिलेली साक्ष

हे कळले कसे, ते आपल्यासारख्यांनी ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या भोवती भाजीपाल्याची शेती होती. १९४० नंतरच्या दशकात तिथल्या पालकाच्या, बीटच्या, लेट्यूसच्या पानांवर चकाकणारे, भाजल्यासारखे डाग पडू लागले. कीड सापडेना, रोग सापडेना. त्या भागात आरी हागेन-स्मिट नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. मूळचे हॉलंडचे, अननसाच्या वासावर काम करणारे. त्यांनी पेट्रोलच्या वाफेवर ओझोनची क्रिया घडवून ती हवा रोपांवर सोडली. पानांवर तेच डाग उमटले. गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारी पेट्रोलची वाफ आणि धूर उन्हात एकत्र येऊन ही बाधा होते, हे त्यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले. तेल कंपन्यांनी आधी ते मानले नाही. पण पान खोटे बोलत नाही. पुढे १९७० साली कॅलिफोर्नियाने नव्या गाड्यांना टाकीची वाफ अडवायची सक्ती केली, आणि वर्षभरात ती सगळ्या अमेरिकेला लागू झाली.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन भात बुडाला, असा त्यांचा अंदाज आहे. सोयाबीन आणि कापूसही त्या यादीत आहेत. हा सगळा ओझोन पेट्रोलच्या वाफेने झाला, असे कोणी म्हणत नाही. डिझेलचा धूर, वीजकेंद्रे, जळण, असे पुष्कळ वाटेकरी आहेत. पण वाफ त्यातली एक वाटेकरी आहे. आणि ओझोन शहरात थांबत नाही. वाऱ्याबरोबर शहराबाहेर येतो आणि शिवारावर उतरतो. म्हणजे शहरातल्या टाकीतली वाफ आपल्याच सोयाबीनच्या पानावर येऊन बसते. म्हणून हा प्रश्न मोटारवाल्यांचा म्हणून सोडून देता येत नाही.

थोडे मिसळले की वाफ जास्त

इथे एक उलटी गोष्ट आहे, ती नीट समजून घ्या. इंधनाची वाफ किती जोराने होते हे ठरलेल्या तापमानाला, म्हणजे ३७.८ अंशाला, दाबाच्या मापाने मोजतात. नुसत्या इथेनॉलचा वाफदाब १६ किलोपास्कलच्या आसपास भरतो. पेट्रोलचा ६० च्या घरात असतो. म्हणजे आपला माल पेट्रोलपेक्षा कितीतरी शांत. मग पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले की वाफ कमी व्हायला हवी. होते उलटेच. ५ ते १० टक्के मिसळले की वाफदाब सुमारे ७ किलोपास्कलने वाढतो. २० टक्क्यांना तो किंचित खाली येतो, तरी नुसत्या पेट्रोलपेक्षा वरच राहतो. साधारण निम्मे इथेनॉल झाले की तो पेट्रोलच्या बरोबरीला येतो, आणि ८५ टक्क्यांना पेट्रोलच्या बराच खाली जातो.

असे का? इथेनॉलचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. उसाची मोळी बांधलेली असावी तसे. मोळी बांधलेली आहे तोवर कांडे हलत नाही. थोडेसे इथेनॉल पुष्कळ पेट्रोलमध्ये टाकले की मोळी सुटते. एकेक कांडे सुटे होते, घरंगळते, आणि जाताना पेट्रोलमधल्या हलक्या भागालाही बरोबर घेऊन जाते. इथेनॉल वाढत गेले की पुन्हा मोळी बांधली जाते.

आणखी एक लक्षात ठेवा. या वाफेत मोठा भाग पेट्रोलमधल्या हलक्या वायूंचाच असतो. त्यातला एक ब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये असतो तो. शुद्धीकरण कारखान्याने मिश्रणासाठी देताना मूळ पेट्रोलमधला ब्युटेन कमी केला तर मिश्रणाची वाफ आटोक्यात येते. अमेरिकेत उन्हाळ्यात पेट्रोलचा वाफदाब कायद्याने कमी ठेवतात. तिथेही १० टक्क्यांच्या मिश्रणाला १९९० पासून कायद्याने थोडी सूट आहे. सूट दिली म्हणून वाफ थांबत नाही.

कोळशाचा डबा

गाडीतली वाफ अडवण्याची युक्ती साधी आहे. टाकीतून निघणारी नळी एका डब्यात जाते. डब्यात सक्रिय कोळसा असतो. लाकूड किंवा नारळाची करवंटी अशा मालापासून केलेला, असंख्य बारीक छिद्रांचा. वाफ त्याला चिकटून बसते. मग इंजिन गरम होऊन चालू लागले की एक झडप उघडते, इंजिन डब्यातून ताजी हवा ओढते, त्या हवेबरोबर कोळशाला चिकटलेली वाफ इंजिनात जाते आणि जळते. डबा रिकामा, पुन्हा भरायला तयार. वाया जाणारे इंधन कामाला आले, हवाही वाचली. आपल्या देशात गाडी बंद खोलीत ठेवून वाफ मोजायची चाचणी आहे. बीएस-६ मध्ये पेट्रोलच्या मोटारीला एका चाचणीत २ ग्रॅमची मर्यादा आहे. अलीकडच्या दुचाकींनाही डबा असतो.

इथे आमचीच एक गोष्ट सांगतो. आमच्या दौऱ्याची जुनी गाडी एकदा झटके देऊ लागली. मिस्त्रीने बॉनेट उघडले आणि म्हणाला, "हा डबा उगाच आहे, काढून टाकतो. नळीला बूच मारतो. कटकट मिटेल." आम्ही मान डोलावली. आठ महिने ती गाडी घेऊन आम्ही गावोगाव स्वच्छ इंधनावर भाषणे देत फिरलो, आणि आमचीच टाकी उघड्यावर वाफ सोडत होती. झटक्यांचे कारण झडप अडकल्याचे होते. ती बदलली असती तर भागले असते. दोष मिस्त्रीचा म्हणायचा का? त्याला कोणी शिकवले नव्हते. आणि आम्ही विचारले नव्हते.

दोन्ही इंधनांची गाडी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. फ्लेक्स-फ्युएल गाडी म्हणजे एकाच टाकीत पेट्रोल चालते, इथेनॉल चालते, आणि दोघांचे कोणतेही मिश्रण चालते. ५ जून २०२१ रोजी पुण्यात नुसत्या इथेनॉलच्या विक्रीचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाला. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या १८३ पंपांवर इथेनॉल १०० नावाने हे इंधन आणल्याची घोषणा झाली. नावात १०० असले तरी त्यात ९३ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल, ५ टक्के पेट्रोल आणि थोडे दुसरे अल्कोहोल असते. ते पेट्रोल कशाला, ते पुढे कळेल.

अशा गाडीत वाफेचा प्रश्न तीन जागी अवघड होतो.

पहिली जागा टाकी. गाडीवाला आज इथेनॉल भरतो, उद्या अर्ध्या टाकीवर पेट्रोल भरतो. परवा जे राहिले त्यात आणखी पेट्रोल. म्हणजे टाकीत कधी ८५ टक्के असते, कधी ४०, कधी १०. वाफेच्या दृष्टीने वाईटात वाईट मिश्रणही या टाकीत कधी ना कधी येणारच. म्हणून डबा, नळ्या, झाकण हे सगळे त्या वाईट दिवसाच्या हिशेबाने बांधावे लागते. पाझर तलावाचा सांडवा नेहमीच्या पावसावर काढत नाहीत, मोठ्या पुरावर काढतात. तसेच हे.

दुसरी जागा इंजिनाचा संगणक. एक किलो पेट्रोल पुरते जळायला १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला ९ किलो पुरते. तेव्हा टाकीत काय आहे हे इंजिनाला कळल्याशिवाय इंधन किती सोडायचे ते ठरत नाही. काही गाड्यांत इंधनाच्या नळीवरच त्यासाठी सेन्सर असतो. काही गाड्या, विशेषतः ब्राझीलमधल्या, धुरातला ऑक्सिजन मोजून त्यावरून अंदाज बांधतात. आता पंपावरून नुकती निघालेली गाडी डोळ्यापुढे आणा. टाकीत नवे मिश्रण आहे, संगणक ते ओळखायच्या खटपटीत आहे. त्याच वेळी डब्यातली वाफ इंजिनात येऊ लागली तर त्याची फसगत होते. कारण टाकीत इथेनॉल जास्त असले तरी वाफेत पेट्रोलचा हलका भागच जास्त असतो. वजन चालू असताना काट्यावर दुसऱ्याने हात ठेवावा, तसे होते. म्हणून ओळख पटेपर्यंत डब्याची झडप बंद ठेवतात. पण मंडळी, डबा सर्वांत भरलेला केव्हा असतो? टाकी भरल्यावरच. म्हणजे ज्या वेळी डबा रिकामा करायची घाई, त्याच वेळी झडप बंद. डबा लहान असेल, ओळख पटायला वेळ लागत असेल, तर वाफ बाहेर. इंधनाच्या नळीवर चांगला सेन्सर बसवला तर ही कोंडी बरीच सुटते. त्याला पैसे लागतात, म्हणून तो टाळायचा मोह होतो.

इंजिन आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाडीत ही अडचण वाढते. इंजिन मधूनमधून बंद राहते, तेव्हा डबा रिकामा व्हायची संधी कमी. २०२३ साली दिल्लीत दाखवलेली फ्लेक्स-फ्युएल इनोव्हा याच जातीची होती. तिथे टाकी बंदिस्त ठेवणे, मोठा डबा देणे असे उपाय करावे लागतात.

तिसरी जागा थंडी. उन्हाळ्यात जो गुण, तोच थंडीत अवगुण. इथेनॉल गार असताना वाफ व्हायला तयार नसते, आणि वाफ झाल्याशिवाय ठिणगी पेटवणार काय? निफाडला पारा एक आकड्यावर येतो अशा पहाटे इथेनॉलची गाडी सहज सुरू होत नाही. मग संगणक जास्तीचे इंधन ओततो, त्यातले बरेच न जळता सायलेन्सरमधून बाहेर पडते. म्हणून इथेनॉल १०० मध्ये ५ टक्के पेट्रोल. म्हणूनच ब्राझीलच्या गाड्यांत पूर्वी बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी असे. २००९ साली तिथे इंधन गरम करून सोडणारी गाडी आली आणि ती छोटी टाकी अनावश्यक झाली. काही इंजिनिअर आणखी पुढचा विचार करतात. डब्यात साठलेली वाफ बहुतांशी पेट्रोलच्या हलक्या भागाची, सहज पेटणारी. तर तीच वाफ थंडीत गाडी सुरू करायला का वापरू नये? जी बाहेर सुटली तर पीक करपवते, तीच नीट धरून ठेवली तर पहाटे गाडी चालू करते. मळीचे तसेच झाले. ओढ्यात सोडली की घाण, डिस्टिलरीत नेली की माल.

ब्राझीलचा धडा

ब्राझीलने १९७५ साली उसाच्या अल्कोहोलचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९७९ पासून नुसत्या अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आणल्या. १९८९ च्या सुमारास साखरेला भाव आला, अल्कोहोल तुटले, आणि पंपासमोर रांगा लागल्या. लोकांचा विश्वास उडाला. अल्कोहोलची गाडी पुढे कोणी घेईना. तो विश्वास परत आला तो २००३ मध्ये, दोन्ही इंधने चालणारी गाडी आली तेव्हा. कारण आता निर्णय गाडीवाल्याच्या हातात होता.

आपलीही कहाणी आठवा. ५ टक्के मिश्रणाचे पहिले प्रयोग २००१ मध्ये आपल्या मिरजेला आणि मनमाडला झाले, तिसरे ठिकाण उत्तर प्रदेशातले. २०२२ मध्ये १० टक्के गाठले, २०२५ मध्ये २० टक्के. मधे ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने मनाई झाली. पुढे थोडी सवलत दिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी बंदी उठवली. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या त्यांना काय वाटले असेल, ते तुम्हाला सांगायला नको. २०२५ मध्ये २० टक्क्यांच्या पेट्रोलने ॲव्हरेज घटते, जुन्या गाडीचे रबर खराब होते, अशी ओरड झाली. त्यातला काही भाग खरा आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या दोन तृतीयांशच उष्णता असते. हे आपण पहिल्या दिवशी सांगितले असते तर ती ओरड आपल्यावर उलटली नसती. वाफेच्या बाबतीत तीच चूक पुन्हा करायची नाही.

मग आपण काय म्हणायचे

तीन-चार गोष्टी या बैठकीपुढे ठेवतो.

एक. फ्लेक्स-फ्युएल गाड्यांची वाफेची चाचणी सर्वांत जास्त वाफ देणाऱ्या मिश्रणावर व्हावी, आणि प्रत्येक मॉडेलचा आकडा लोकांना सहज बघता यावा.

दोन. मिश्रणासाठी येणाऱ्या मूळ पेट्रोलचा वाफदाब उन्हाळ्यात उतरवावा. पेट्रोलमधल्या ब्युटेनचे खापर उसावर फोडू देऊ नये.

तीन. पंपावर सुटणारी वाफ परत ओढणारी यंत्रणा मोठ्या पंपांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितलेली आहे. ती नुसती बसवून भागत नाही, चालू आहे की नाही ते बघावे लागते.

चार. हे आपल्या हातातले. टाकी गळ्यापर्यंत भरू नका. बंदूक बंद झाली की थांबा. जास्तीचे पेट्रोल डब्यात शिरले की कोळसा वाया जातो. झाकणाचे रबर फाटले असेल तर बदला. आणि डबा काढून टाकू म्हणणाऱ्या मिस्त्रीला तो कशासाठी आहे ते सांगा. आमच्यासारखी मान डोलावू नका.

ज्या तरुणाने प्रश्न विचारला तो आज इथे बसला आहे. त्याला आमचे उत्तर असे. तुझी शंका खरी होती. १० आणि २० टक्क्यांच्या मिश्रणाला वाफ जास्त असते. ती आपल्याच शिवारावर येते. ती धरून ठेवायचे तंत्र आहे आणि ते महाग नाही, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आजपर्यंत आम्ही फक्त इथेनॉलचा भाव मागत होतो. यापुढे ते ज्या गाडीत जाईल ती गाडी घट्ट झाकणाची असावी, हेही मागू. आपल्या मालाचा दोष आपण आधी सांगितला, तर त्याच्या गुणावर लोक विश्वास ठेवतील.

आमची गाडी बाहेर उभी आहे. तिला नवा डबा बसवला आहे. ज्यांना बघायचा आहे त्यांनी सभा संपल्यावर यावे, बॉनेट उघडून दाखवतो.